राफ्टिंगचे, स्कुबाचे ओले बूट घरी कसे सुकवायचे (आणि वास कसा घालवायचा)

मागच्या पावसाळ्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलो, रविवारी घरी पोचायला रात्र झाली, अंगात त्राण नव्हता म्हणून ओले निओप्रीनचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गाडीच्या डिकीत तसेच राहिले. गुरुवारी आईने भाजीच्या पिशव्या ठेवायला डिकी उघडली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "अरे आत उंदीर मेलाय का बघ जरा." उंदीर नव्हता. बूट वाचले, पण त्यांचा वास जायला तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत जे जे करून बघितलं त्यातलं काय चाललं आणि काय फुकट गेलं ते लिहितोय.

आधी वास येतो कशाने ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचा रबरी फोम, तो स्वतः फारसं पाणी पीत नाही. पाणी बसतं आतल्या कापडी अस्तरात, शिलाईत आणि पुढे बोटांच्या टोकाला. तिथे तुमचा घाम, मेलेली कातडी, नदीचा गाळ असं सगळं जेवण तयार असतं आणि हवा खेळत नाही, म्हणजे बॅक्टेरियाची मजाच. घामातल्या एका अमायनो अ‍ॅसिडपासून ते आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड बनवतात, जुन्या चीजला जो वास येतो त्यात हेच अ‍ॅसिड असतं. त्यामुळे पहिले तीन-चार तास फार महत्त्वाचे, तेवढ्यात बूट धुतला आणि हवेवर लावला तर बाकीच्या उचापती लागतच नाहीत.

आणि हो, स्कुबावाल्यांनी मनाला लावून घेऊ नका, पण वेटसूटमध्ये (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा निओप्रीनचा सूट) लोक सूसू करतात ते सगळ्यांना माहितीये, आणि ते पाणी उतरत उतरत शेवटी बुटातच येतं.

तर पहिलं काम धुणं. तारकर्ली, मालवणला समुद्रात जाऊन आला असाल तर याला पर्यायच नाही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच बुटात राहिलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं, मग चार दिवस पंख्याखाली ठेवा, बूट चिकट तो चिकटच. साध्या नळाच्या पाण्याने आतून-बाहेरून दोनतीनदा खळबळून घ्या, नंतर बादलीत बेबी शाम्पूचा एक चमचा टाकून दहा मिनिटं बुडवा आणि परत धुवा. कपड्यांची कडक पावडर नको, फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको, त्याचा थर अस्तरावर बसतो. व्हेलक्रो बंद करून धुवा, नाहीतर त्यात अस्तराचे धागे आणि केस अडकतात. चेन असेल तर जुन्या टूथब्रशने दातांमधली वाळू काढा आणि बूट सुकल्यावर चेनवरून मेणबत्ती घासा, खाऱ्या पाण्याने चेन अडकण्याचा त्रास खूप कमी होतो.

आता सुकवणं. इथे सगळ्यांचं चुकतं, कारण बाहेरून हात लावला की बूट कोरडा वाटतो. धुतल्यावर बूट पिळायचा नाही, जुन्या टॉवेलमध्ये पोळीच्या रोलसारखा गुंडाळायचा आणि वर चक्क उभं राहायचं, मी तर दोन मिनिटं वर पाय आपटत असतो, टॉवेल किती ओला होतो बघून तुम्हालाच नवल वाटेल. मग पंधरा-वीस मिनिटं तोंड खाली करून निथळू द्या. नंतर मऊ बूट असेल तर वरचा भाग उलटा करून अस्तर बाहेर काढा, जेवढा निघेल तेवढा, कडक सोलचा पूर्ण उलटत नाही, उगाच ताणू नका. आतला सोल सुटा असेल तर काढून वेगळा सुकवा, सगळ्यात जास्त वास त्यालाच असतो.

पहिला एक तास आत वर्तमानपत्राचे सैलसर बोळे भरा, गच्च कोंबले तर हवाच जात नाही. तासाभराने ओले बोळे काढून नवीन भरा आणि दोन-तीन तासांनी तेही काढून टाका, रात्रभर ठेवू नका, ओला कागद आत राहिला तर तोच कुबट होतो. (अस्तर फिक्या रंगाचं असेल तर शाई लागते, टिश्यू वापरा.) त्यानंतर टेबल फॅन. सीलिंग फॅनखाली जमिनीवर ठेवलेल्या बुटाच्या टोकापर्यंत वारा पोचतच नाही, फॅनचं तोंड बुटाच्या तोंडाकडे पाहिजे. मी कपड्यांच्या स्टँडच्या दांड्यांमध्ये बूट आडवे अडकवतो आणि समोर फॅन लावून झोपतो, सकाळपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. आधी मी ते लाटण्यावर उभे करायचो, चांगली आयडिया होती पण घरात टिकली नाही. जुलैच्या दमट हवेत मात्र नुसता फॅन कमी पडतो, घरात एसी असेल तर ड्राय मोडवर त्या खोलीत ठेवा.

ऊन? आई म्हणते उन्हात टाक, कपडे तसेच सुकतात. कोवळ्या उन्हात अर्धा तास, अस्तर वर करून, चालतं. पण मे महिन्यात गच्चीवरच्या तापलेल्या लादीवर दिवसभर ठेवलात तर निओप्रीन कडक पडतं, भेगा जातात आणि सोल चिकटवलेला गोंद सुटतो. हेअर ड्रायर गरम हवेवर, गॅसच्या शेजारी, बंद गाडीत काचेखाली, हे सगळं त्याच यादीत. माझ्या एका मित्राने घाईत बूट शेगडीजवळ ठेवले, दुसऱ्या दिवशी सोलने असा जबडा उघडला की त्यात बोट जात होतं.

सुकलाय की नाही याची माझी टेस्ट: टिश्यूची घडी बोटांच्या टोकापर्यंत सरकवायची, अर्ध्या तासाने काढून गालाला लावायची. थंड लागली तर अजून ओलं आहे.

वास आधीच बसला असेल तर व्हिनेगर. साधं पांढरं, किराणा दुकानात मिळतं तेच, एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, वीस-तीस मिनिटं बूट पूर्ण बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुऊन वरच्यासारखं सुकवा. व्हिनेगरचा स्वतःचा वास सुकताना उडून जातो. पूर्ण सुकल्यावर रात्री प्रत्येक बुटात दोन चमचे खाण्याचा सोडा, सकाळी झटकून टाका, तो उरलेलं अ‍ॅसिड मारतो. दोन्ही एकत्र मात्र टाकू नका, फेस मस्त येतो, व्हिडिओत छान दिसतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात. माझ्या डिकीवाल्या बुटांना हे तीनदा करावं लागलं.

फुकट गेलेले उपाय: डांबराच्या गोळ्या (वासात वास), कापूर, डिओ स्प्रे. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला पण वाचला, थंडीत बहुतेक बॅक्टेरिया मरत नाहीत, नुसते थांबतात, बाहेर काढले की परत कामाला लागतात, शिवाय मटारच्या शेजारी बूट हे आमच्याकडे शक्यच नाही. ब्लीच वापरू नका, अस्तर आणि रबर दोन्ही खराब होतं.

एक गोष्ट लोक विसरतात, पाय. ओले बूट परत परत घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि ती बुरशी बुटात राहून परत तुम्हालाच भेटते. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, घाम जास्त येत असेल तर तुरटीच्या पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा. चिखल्या झाल्याच असतील तर क्लोट्रिमाझोलची पावडर मेडिकलमध्ये मिळते, पण डायबेटीस असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

फ्लोटर्स आणि क्रॉक्सचं सोपं आहे, ब्रशने घासा, झटका, वाऱ्यावर टाका, फक्त फ्लोटर्सच्या पट्ट्यांखालची पॅडिंग दाबून बघा, पाणी तिथे लपतं.

ठेवताना बंद डब्यात किंवा शू रॅकच्या तळाला कोंबू नका, उघड्या कप्प्यात ठेवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. केशरी दाण्यांची असेल तर दाणे हिरवे झाले की तिचं पाणी पिऊन झालं, बदला. कोकणात रात्री बूट अंगणात ठेवले असतील तर सकाळी घालायच्या आधी उलटे करून आपटा, माझ्या बुटातून एकदा गोम निघाली होती.

आणि परतीच्या प्रवासात प्लॅस्टिकची पिशवी विसरा. मी आता कांद्याची जाळीची पिशवी नेतो, बूट त्यात टाकून कॅरिअरला बांधतो, पाऊस नसेल तर घाट चढून घरी येईपर्यंत अर्धे सुकलेले असतात.