निकेल-लोहाचा टिकाऊ उत्प्रेरक: तयारी आणि कसोटी

पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन मिळवताना प्लॅटिनम व इरिडियम टाळायचे असतील, तर माध्यम अल्कधर्मी घ्यावे. आम्लात निकेल, कोबाल्ट आणि लोह धनाग्रावर झपाट्याने विरघळतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मात्र निकेलवर हायड्रॉक्साइडाचा थर धरतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. ऋणाग्रासाठी, म्हणजे हायड्रोजन सुटणाऱ्या अग्रासाठी, निकेल-मॉलिब्डेनम चांगले काम देते, पण विद्युत घट बंद असताना त्यातील मॉलिब्डेनम मॉलिब्डेट होऊन द्रावणात उतरू शकते. खरी अडचण ऑक्सिजन सुटणाऱ्या धनाग्राची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

निकेल फोमचा (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलचा) तुकडा ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून वरचा ऑक्साइड काढावा आणि लगेच शुद्ध पाण्याने व अल्कोहोलने धुवावा. मग निकेल नायट्रेट आणि फेरिक नायट्रेट यांच्या काही मिलिमोलर द्रावणात त्याला ऋणाग्र करून थोडा वेळ प्रवाह द्यावा. नायट्रेटचे क्षपण होताना पृष्ठभागाजवळ हायड्रॉक्साइड आयन वाढतात आणि निकेल-लोहाचा मिश्र हायड्रॉक्साइड जागीच बसतो. चिकटवणारे बहुलक लागत नाही. थर जाड करण्याचा मोह आवरावा, कारण वायूचे बुडबुडे जाड थराचे पापुद्रे सहज उचलतात.

मापनात फसगत जास्त होते. बाजारातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश असतो आणि साधे निकेल हायड्रॉक्साइडही तो शोषून तल्लख होते. त्यामुळे तुलनेच्या प्रयोगांसाठी द्रावण आधी निकेल हायड्रॉक्साइडच्या अवक्षेपाबरोबर ढवळून, अवक्षेप वेगळा करून, लोहमुक्त करावे. काचेचा घटही तीव्र अल्कलीत झिजून अशुद्धी सोडतो, तेव्हा टेफ्लॉनचा घ्यावा. ऋणाग्राचा उत्प्रेरक तपासताना समोर प्लॅटिनमची तार लावू नये, कारण ती विरघळून नमुन्यावर बसते आणि श्रेय भलत्यालाच जाते. तिथे ग्राफाइट वापरावे. धनाग्रावर १.४ व्होल्टच्या आसपास (त्याच द्रावणातील हायड्रोजन संदर्भ-अग्राच्या, म्हणजे आरएचईच्या, तुलनेत) निकेलच्या स्वतःच्या ऑक्सिडीकरणाचा प्रवाह दिसतो, त्याला ऑक्सिजन समजू नये. सुटलेला वायू प्रत्यक्ष मोजून पडताळा घ्यावा: १ अँपिअर प्रवाहाने १ तासात, ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला, सुमारे ४१८ मिलिलिटर हायड्रोजन मिळायला हवा. हवेत ४ टक्क्यांपासून तो स्फोटक होतो, म्हणून वायुवीजन चोख असावे.

टिकाऊपणाची कसोटी दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरवर, खोलीच्या तापमानाला घेतली तर ती फारच सौम्य ठरते. सुमारे ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ७० ते ८० अंश तापमान आणि शेकडो मिलिअँपिअरची प्रवाहघनता ठेवून, प्रवाह मुद्दाम वारंवार बंद-चालू करावा, कारण थांबण्याच्या क्षणी उलट वाहणारा प्रवाह दोन्ही अग्रांना इजा करतो. व्होल्टेजचा आलेख सपाट राहिला तरी द्रावणाचे नमुने ठरावीक अंतराने आयसीपी यंत्रावर (द्रावणातील धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) तपासावेत. थरातले लोह हळूहळू द्रावणात उतरत असेल, तर ते व्होल्टेज चढण्याआधीच तिथे उघड होते. अशा वेळी द्रावणात लोहाचा अत्यल्प अंश कायम ठेवल्यास थरातील जागा पुन्हा भरल्या जातात, मात्र तेच लोह ऋणाग्रावरही साचते, म्हणून मात्रा ठरवताना दोन्ही अग्रांचे व्होल्टेज स्वतंत्रपणे नोंदवावे.