लहान मुलांच्या हाती टॅबलेट देण्याआधी तो एकाच ॲपपुरता मर्यादित करा

पहिली-दुसरीच्या वर्गात टॅबलेट वापरताना शिक्षकाचा बराच वेळ चुकून बंद झालेले ॲप पुन्हा उघडून देण्यात जातो, आणि त्यावरचा उपाय बहुतेक उपकरणांत आधीपासूनच असतो. आयपॅडवर सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू करून पासकोड ठरवावा. त्यानंतर हवे ते ॲप उघडून वरचे बटण किंवा, असल्यास, होम बटण लागोपाठ तीनदा दाबून ही सोय चालू केली, की पासकोडशिवाय त्या ॲपबाहेर जाता येत नाही. माझ्या मते याहून उपयोगी गोष्ट म्हणजे, सुरुवात करताना पडद्यावरील नको त्या भागाभोवती बोटाने रेघ ओढून तेवढाच भाग निष्क्रिय करता येतो, त्यामुळे जाहिरातीची पट्टी, खरेदीचे बटण किंवा विचार करण्याआधीच उत्तर सुचवणारे चिन्ह मुलांच्या बोटांपासून दूर राहते. तेथेच वेळेची मर्यादाही घालता येते. शिक्षकांशी हुज्जत घालणारे मूल यंत्राने वेळ संपल्याचे सांगितले की बहुधा निमूटपणे ऐकते.

अँड्रॉइडवर अशीच सोय ‘ॲप पिनिंग’ या नावाने सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये मिळते, मात्र बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्याय निवडायला विसरू नये, कारण बाहेर पडण्याची खूण एका मुलाला सापडली की ती वर्गभर पसरायला वेळ लागत नाही. ही सर्व तयारी मुले वर्गात येण्यापूर्वीच करून ठेवावी आणि पासकोड त्यांच्यासमोर टाइप करू नये.