सॅराटोगात घर बघताना आधी डोंगर बघा

ओळखीतली तरुण जोडपी कॅलिफोर्नियातल्या सॅराटोगात घर बघायला निघाली की मला सोबत नेतात. "काकू, तुम्ही बावीस वर्षं तिथे राहताय, एकदा नजर टाका ना." एजंट आत ओट्याचा नवा दगड दाखवत असतो, तोवर मी मागच्या दाराने बाहेर पडून उतारावर उभी असते. ओटा काय, पाच वर्षांनी बदलाल. उतार, मोठी झाडं, शाळेची हद्द आणि आगीच्या नकाशातला पट्टा मात्र घराबरोबर आहे तसाच घ्यावा लागतो. तीस लाख डॉलर आणि त्याहून जास्त मोजताना हे चार आधी बघायचे.

पहिल्या दिवशी घर बघूच नका. गाडी घेऊन हायवे ९ ने व्हिलेजमधून, म्हणजे गावाच्या जुन्या बाजारपेठेतून, वर जा, साधारण सात मैलांवर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याचा फाटा येतो तिथपर्यंत. खाली साडेचारशे-पाचशे फुटांवर असलेले तुम्ही तिथे २,६०० फुटांवर पोचता. हे गाव लाकडामुळे वसलं. १८४८ च्या सुमारास इथे लाकूड कापायची गिरणी आली, मग डोंगरातून लाकूड उतरवायला टोलचा रस्ता झाला, आणि त्या टोलनाक्यापाशी वस्ती वाढली. खनिज पाण्याचे झरे सापडले तेव्हा न्यूयॉर्ककडच्या सॅराटोगा स्प्रिंग्जवरून १८६५ मध्ये आजचं नाव पडलं. पुढे खाली सपाटीवर जर्दाळू, प्लम, चेरीच्या बागा झाल्या. १९५६ मध्ये स्वतंत्र शहर झालं, आता वस्ती एकतीस हजारांच्या आसपास आहे. म्हणून इथे दोन सॅराटोगा आहेत: बागांच्या जागी झालेली खालची सपाट वस्ती आणि रेडवूड-ओकच्या सावलीतली वरची. दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. तुम्हाला कोणती हवी हे त्या सात मैलांत कळतं.

वरची हवी असेल तर झाडांच्या बुंध्यांकडे बघा. खोड बुंध्याशी उताराकडे वाकून मग सरळ वर गेलेलं दिसलं आणि अशी चार-पाच झाडं ओळीने असली, तर तिथली माती हळूहळू खाली सरकत असण्याची शक्यता आहे. मग आधाराची भिंत बघा. पोट पुढे आलंय का? पाणी बाहेर पडायची भोकं मातीने बुजलीत का? पन्हळीचं पाणी घराच्या पायापाशीच मुरतंय की पाइपने लांब नेलंय? घराच्या कोपऱ्यातल्या, जिन्यासारख्या चढत गेलेल्या भेगा मोजा, आणि आतली सगळी दारं स्वतःच्या हाताने लावून बघा. शक्य असेल तर जानेवारीच्या पावसात जा. उन्हाळ्यातलं घर पाण्याबद्दल काही सांगत नाही. शंका आली तर नेहमीच्या घरतपासनिसावर न थांबता माती आणि उतार तपासणारा जिओटेक्निकल इंजिनियर आणा. त्याचे पैसे वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काही घरांना अजून सेप्टिक टँक आहे, तोही त्याच वेळी तपासून घ्या.

ओकबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझा या झाडावर जीव आहे. इथला कोस्ट लाइव्ह ओक उन्हाळाभर कोरडा राहायला सरावलेला आहे. त्याच्याखाली हिरवळ लावून रोज फवारे सोडले की मुळांना बुरशी लागते आणि शंभर वर्षांचं झाड आतून कुजतं. घर विकण्याआधी लोक हमखास अशी हिरवळ अंथरतात. ती दिसली तर झाडतज्ज्ञाचा अहवाल मागाच. झाड घेतल्यावर काढता येईल, असं धरून चालू नका. जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजून स्थानिक जातीचं सहा इंच आणि इतर जातीचं दहा इंच व्यासाचं झाड तोडायला शहराची परवानगी लागते. घर वाढवायचा विचार असेल तर आराखडा काढण्याआधी झाडांची मापं घ्या. आमच्या मागच्या खोलीचा आकार एका ओकने ठरवला, आणि आज त्याच्या सावलीमुळे ती खोली ऑगस्टमध्येही थंड असते.

आता आग. ऑगस्ट २०२० मध्ये डोंगरापलीकडे बिग बेसिनचं जंगल पेटलं तेव्हा आमच्या गाड्यांवर राखेचा थर होता आणि आम्ही कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवून झोपत होतो. त्यानंतर आमच्या विमा कंपनीने पॉलिसी पुढे चालू ठेवायला नकार दिला. पत्र आलं त्या दिवशी मी घराभोवती फिरत काय काय जळू शकतं ते मोजलं. म्हणून सांगते, ऑफर लिहिण्याच्या आधी विम्याचा भाव लेखी घ्या. एजंटच्या "मिळून जाईल"वर राहू नका. कुणीच घेत नसेल तर कॅलिफोर्नियाचा फेअर प्लॅन हा शेवटचा आधार असतो. तो मुख्यतः आगीचं नुकसान भरतो, बाकीसाठी वेगळी पॉलिसी जोडावी लागते, आणि कर्ज देणारी बँक या दोन्हींचा खर्च विचारते. घराभोवती शंभर फुटांपर्यंत वाळलेलं गवत आणि झुडपं साफ ठेवायची जबाबदारी मालकाची असते. भिंतीलगतच्या पाच फुटांत तर लाकडी साल, जळाऊ लाकूड, झुडूप काहीच नको. आणि रस्ता बघा: बंब वळेल एवढा रुंद आहे का, खाली उतरायला दुसरी वाट आहे का. एकाच अरुंद वाटेच्या टोकाचं घर कितीही देखणं असलं तरी मी नको म्हणते.

विक्रेत्याने दिलेल्या नैसर्गिक धोक्यांच्या कागदात भूकंपरेषा, दरडी आणि आग यांचे पट्टे लिहिलेले असतात. तो चहा घेत शांतपणे वाचा. सॅन अँड्रियास फॉल्ट ही मोठी भूकंपरेषा इथल्या सॅनबॉर्न पार्कातूनच जाते. १९८९ चा ६.९ क्षमतेचा लोमा प्रिएटा भूकंप याच डोंगररांगेत झाला. भूकंपाचा विमा नेहमीच्या पॉलिसीत नसतो.

शाळेपायी इथे येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पत्त्यात सॅराटोगा असलं म्हणून सॅराटोगा हायस्कूल मिळत नाही. शहर वेगवेगळ्या शाळा-जिल्ह्यांत विभागलंय. काही गल्ल्या फ्रीमॉंट युनियनमध्ये जातात, काही कॅम्पबेल युनियनमध्ये. प्रॉस्पेक्ट हायस्कूल सॅराटोगातच आहे, पण जिल्हा कॅम्पबेलचा. प्राथमिकचे जिल्हे आणखी वेगळे. घराच्या वेबसाइटवरचं नाव मानू नका, घर नंबर देऊन त्या जिल्ह्याच्या कार्यालयातूनच खात्री करा. शिवाय शेजारच्या हद्दीतल्या चांगल्या शाळा कमी लेखू नका.

कराचं थोडक्यात: १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्याच्या करनियमामुळे मूळ कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्का, वर स्थानिक भर. शेजाऱ्याचा आकडा तुमच्यासाठी निरुपयोगी आहे, तो जुन्या किमतीवर भरतोय. खरेदीनंतर काही महिन्यांनी फरकाचं वेगळं बिल येतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

जाण्यायेण्याचं सांगायचं तर हायवे ८५ वर चढायची-उतरायची सोय शहराच्या हद्दीत फक्त सॅराटोगा ॲव्हेन्यूला आहे. शाळा सुटायच्या वेळी तिथे गर्दी होते, म्हणून ऑफिसची वाट मंगळवारी सकाळी आठला एकदा चालवून बघा. दूध, भाजी, औषध, सगळ्याला गाडी लागते. आईवडील इथे येऊन राहणार असतील तर ग्रंथालयाच्या जवळचं घर शोधा. शेजारी शहराने राखलेली जुनी फळबाग आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. माझे सासरे रोज सकाळी तिथे चालायचे आणि मग वर्तमानपत्र वाचत बसायचे. वरच्या बाजूला १९६६ मध्ये शहराने विकत घेतलेली हाकोने ही जपानी बाग आहे, आणि सिनेटर फेलन यांच्या व्हिला मॉंताल्वो या जुन्या बंगल्याच्या मागच्या पायवाटा आहेत. पायवाटेवर अंगाला खाज आणणाऱ्या, तीन पानांच्या पॉयझन ओकला हात लावू नका, घरी आल्यावर गोचीड बघा.

सगळं पटलं की त्या गल्लीत एकदा रात्री नऊला जा. वर दिवे फार कमी आहेत, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही. गाडी बंद करून दहा मिनिटं बाहेर उभे राहा, मोबाइलची रेंज बघा, हरणं कुठून उतरतात ते बघा. आणि सोबत जो कुणी राहणार आहे त्याला विचारा, एकट्याने घरी असताना हा अंधार चालेल का. माझ्या सासूबाईंना पहिलं वर्षभर चालला नव्हता. दुसऱ्या वर्षी त्या स्वतःच अंगणातला दिवा मालवून चांदण्या बघत बसायला लागल्या.