व्लादिवोस्तोकला शिकायला येताय? आधी नकाशा उघडा

दर वर्षी जून-जुलैत मला चार-पाच जणांचे मेसेज येतात, ताई व्लादिवोस्तोकला अ‍ॅडमिशन मिळतेय, जाऊ का, थंडी किती असते, पुढे नोकरी मिळते का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी रत्नागिरीची, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकले, मग रशियन सरकारच्या कोट्यातून स्कॉलरशिप मिळाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये गेले. एक वर्ष पोदफाक, म्हणजे भाषेचं तयारी वर्ष, आणि पुढे दोन वर्षं लॉजिस्टिक्समध्ये मास्टर्स. मेडिकलवाल्यांनी नीट परीक्षा, कोर्स किती महिन्यांचा आणि इंटर्नशिप कुठे याचे आपल्याकडचे नियम स्वतः वाचायचे, एजंटच्या तोंडावर जायचं नाही, त्या बाबतीत मी काही सांगणार नाही कारण तो माझा प्रांत नाही.

तर पहिली गोष्ट, रशिया म्हटलं की डोक्यात मॉस्को येतं ते काढून टाका. मॉस्कोहून इथे विमानाने आठ-साडेआठ तास लागतात, रेल्वेने ९२८८ किलोमीटर आणि जवळपास एक आठवडा. वेळेत ७ तासांचा फरक. आपल्यापेक्षा घड्याळ साडेचार तास पुढे, त्यामुळे इथे रात्रीचे दहा वाजले की घरी आई संध्याकाळचा चहा टाकत असते, फोन करायला एकदम सोयीचं. उलट चीनची सीमा शंभर किलोमीटरच्या आत, उत्तर कोरिया त्याच्या थोडं पुढे आणि समुद्रापलीकडे जपान. म्हणजे हे गाव पॅसिफिकचं आहे, फक्त बोलतं रशियन. हे एकदा डोक्यात बसलं की थंडी, भाव, गाड्या, नोकऱ्या सगळ्याची संगती लागते.

गाव वसलंय मुराव्योव-अमूर्स्की नावाच्या द्वीपकल्पाच्या टोकावर. पश्चिमेला अमूर आखात, पूर्वेला उसुरी आखात, आणि टोकाशी आत घुसलेली एक वाकडी खाडी, तिचं नाव झोलोतोय रोग, म्हणजे सोनेरी शिंग. इस्तंबूलच्या खाडीवरून ठेवलंय, आणि बाहेरच्या सामुद्रधुनीला चक्क पूर्व बॉस्फरस म्हणतात. चहूबाजूंनी टेकड्या, त्यांना इथे सोपका म्हणतात, त्यामुळे वादळात जहाजांना आडोसा मिळतो. बंदर इथे का झालं याचं अर्धं उत्तर तेवढंच. आणि सोपका असल्यामुळे माणसांच्या नशिबी पायऱ्या. पहिल्या महिन्यात माझ्या पोटऱ्या एवढ्या दुखल्या की मी जिना बघितला की रडकुंडीला यायचे.

थंडीबद्दल. अक्षांश ४३, म्हणजे युरोपात असतं तर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या रांगेत, पण हिवाळ्यात वारा सैबेरियातून येतो. जानेवारीत सरासरी उणे १२ च्या आसपास, आकडा ऐकून मला वाटलं सैबेरियात उणे ४० असतं त्यापुढे हे काय, पण समुद्रावरचा वारा असा लागतो की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं. बर्फ मात्र फार पडत नाही, आकाश स्वच्छ निळं, ऊन कडक, आणि गार. आणि खरी गंमत उन्हाळ्यात, कारण इथे मान्सून आहे! जून-जुलैत धुकं, रिमझिम, टॉवेल तीन दिवस वाळत नाही, भिंतीला ओल. मी रत्नागिरीची असून वैतागले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कधी कधी टायफून येऊन जातो, आणि तेवढा सोडला तर सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे स्वर्ग. मोठं जॅकेट भारतातून घेऊन जाऊ नका, तिथेच घ्या. बुटांना खालून लावायचे काटे मिळतात, लेदोस्तूपी म्हणतात, ते पहिल्याच आठवड्यात घ्या, हसू नका, उतारावरचा बर्फ दिसत नाही.

युनिव्हर्सिटीचा, म्हणजे डीव्हीएफयूचा (फार ईस्टर्न फेडरल युनिव्हर्सिटी), मोठा कॅम्पस गावात नाहीये. तो रूस्की नावाच्या बेटावर आहे. हे बेट आधी सगळं लष्कराचं होतं, ३०५ मिलिमीटरच्या तोफांची जुनी वोरोशिलोव्ह बॅटरी अजून बघायला मिळते. सप्टेंबर २०१२ मध्ये अपेकची, म्हणजे पॅसिफिकच्या काठावरच्या देशांच्या आर्थिक गटाची, शिखर परिषद भरवायची म्हणून दोन मोठे पूल बांधले, एक सोनेरी शिंगावर आणि दुसरा बेटाकडे जाणारा, त्याचा मधला गाळा ११०४ मीटरचा, तेव्हा केबलवर टांगलेल्या पुलांमध्ये जगात सगळ्यात लांब. परिषद संपली आणि त्या इमारती विद्यार्थ्यांना दिल्या, म्हणून हॉस्टेलच्या खिडकीतून समुद्र दिसतो, मला तर ते पहिले दोन महिने खरंच वाटत नव्हतं. पण बेटावर जायला पूल एकच हे लक्षात ठेवा. मी जायच्या आधी नोव्हेंबर २०२० मध्ये पावसाचा पडता पडता बर्फ झाला, केबल्सवरून बर्फाचे तुकडे कोसळायला लागले, पूल बंद, बेटावर वीज गायब. सिनियर लोक ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. त्यामुळे खोलीत चार दिवसांचं खाणं आणि पॉवर बँक ठेवायची सवय लावा. गावात जायला १५ नंबरची बस, आणि नकाशासाठी टू-जीआयएस अ‍ॅप, बाकीच्यांपेक्षा बसच्या वेळा त्यात बऱ्या.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो परीक्षेत नसला तरी रोज आडवा येतो. १८५८ आणि १८६० च्या करारांत हा किनारा चीनकडून रशियाकडे आला आणि १८६० मध्येच मांजूर नावाच्या जहाजातून सैनिक उतरले. व्लादिवोस्तोक या नावाचाच अर्थ पूर्वेवर सत्ता गाजव असा काहीतरी. १८९१ मध्ये युवराज निकोलाय, पुढचा शेवटचा झार, याने इथे रेल्वेचा पाया घातला. आणि हा माणूस त्याच सफरीत डिसेंबर १८९० मध्ये मुंबईत उतरला होता! मग जपानमध्ये एका पोलिसाने त्याच्यावर तलवार चालवली, त्यातून वाचून इथे पोचला. क्रांतीनंतर जपानी, अमेरिकन, ब्रिटिश सगळ्यांच्या फौजा इथे येऊन बसल्या, लाल सैन्य शिरलं ते ऑक्टोबर १९२२ मध्ये. १९३७ मध्ये स्टालिनने इथल्या भागातले कोरियन उचलून मध्य आशियात पाठवले, १ लाख ७० हजारांच्या आसपास माणसं. आज बाजारात जे तिखट कोरियन गाजर मिळतं, शाकाहारी मुलांचा सगळ्यात मोठा आधार, ते त्याच लोकांनी तिकडे कोबी मिळेना म्हणून सुरू केलेलं, असं सांगतात.

पुढे सोव्हिएत नौदलाच्या पॅसिफिक फ्लीटचं ठाणं म्हणून गाव परदेशी लोकांना बंद, १९९२ पर्यंत. आपले नौसैनिक मात्र त्या काळातही इथे होते, १९७१ मध्ये कराचीवर मारा करणाऱ्या मिसाइल बोटींवरच्या लोकांचं ट्रेनिंग इथलंच, आणि त्यांनाही आधी रशियन शिकावी लागली होती. गाव उघडल्यावर कॉन्सुलेट थाटण्यात भारत पहिला. पण एवढी वर्षं बंद असल्याचा परिणाम असा की पन्नाशीच्या पुढच्या माणसांना इंग्लिशचा गंध नाही. दुकानात, बँकेत, दवाखान्यात रशियनच. मला भाषा येत होती तरी बँकेतल्या बाईंचं पहिलं वाक्य डोक्यावरून गेलं, तुम्ही शून्यातून येत असाल तर पोदफाक चुकवू नका.

बँकेवरून आठवलं, मार्च २०२२ पासून बाहेरची व्हिसा-मास्टरकार्ड रशियात चालत नाहीत. मला माहीत होतं तरी उगाच एटीएममध्ये कार्ड घालून बघितलं. रोख डॉलर न्या, तिथे बदला, आणि खातं उघडून मीर, म्हणजे रशियाचं स्वतःचं, कार्ड घ्या. विमानतळावर मिळणारा मायग्रेशन कार्डाचा चिटोरा पासपोर्टएवढाच जपायचा, मी तो तिसऱ्या दिवशी जीन्सबरोबर धुतला, पुढचा आठवडा रांगेत गेला, चूक माझीच. सात कामाच्या दिवसांत रजिस्ट्रेशन झालंच पाहिजे. स्कॉलरशिपमध्ये फी माफ आणि अगदी थोडा स्टायपेंड, विमानाचं तिकीट, हॉस्टेल आणि जेवण तुमच्या खिशातून. आणि हे नीट वाचा, जादा पगाराच्या नावाखाली कुणी कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं तर रशियन वाचता आल्याशिवाय सही करायची नाही. आपली पोरं अशीच फसून रशियन सैन्यात गेली आहेत, सरकारने वारंवार सावध केलंय.

आता नोकरी आणि पैसा. या गावाचं पोट बंदरावर आहे, मासे, जहाज दुरुस्ती, कंटेनर आणि जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्या. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात पण स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, त्यामुळे टॅक्सीत पुढे बसलात तर दार वाहत्या ट्रॅफिकच्या बाजूला उघडतं, जपून. डिसेंबर २००८ मध्ये सरकारने या गाड्यांवरचा कर वाढवला तर लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना हटवायला पोलीस मॉस्कोकडून आणावे लागले, एवढा हा जिव्हाळ्याचा विषय.

मी एका फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल पोचवायची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीत इंटर्नशिप केली तेव्हा खरं शिक्षण झालं. २०२२ नंतर मोठ्या युरोपियन शिपिंग लाइन्सनी रशिया सोडला, पीटर्सबर्गकडचा माल आटला आणि चीनमधून येणारे कंटेनर इकडे वळले. आम्हाला वर्गात शिकवायचे क्रेन किती, धक्क्याची खोली किती, खाडी हिवाळ्यात गोठते तेव्हा आइसब्रेकर कसा वाट काढतो. प्रत्यक्षात जहाज वेळेवर रिकामं व्हायचं आणि कंटेनर यार्डात पडून, कारण पुढे न्यायला रेल्वेचे प्लॅटफॉर्म वॅगन, म्हणजे कंटेनर ठेवायचे सपाट उघडे डबे, नाहीत! त्याच रुळांवरून वोस्तोच्नी बंदराकडे कोळसा जातो, त्यामुळे कोळसा आधी की कंटेनर यावर कायम ओढाताण. म्हणून या लाइनमध्ये यायचं असेल तर रेल्वेचा विषय मन लावून करा, सगळे जहाजांच्या मागे असतात. २०२० पासून फुलटाइम परदेशी विद्यार्थ्यांना वेगळ्या परमिटशिवाय काम करता येतं, पण चांगली कामं रशियन आणि चिनी दोन्ही येणाऱ्याला मिळतात, नुसत्या इंग्लिशवर फार तर शिकवणी.

चेन्नई-व्लादिवोस्तोक मार्गाबद्दल सगळे विचारतात. २०१९ मध्ये मोदी इथल्या इकॉनॉमिक फोरमला आले तेव्हा करार झाला, अंतर ५६०० नॉटिकल मैलांच्या आसपास, साधारण २४ दिवसांत माल पोचतो असा हिशोब, मुंबईहून पीटर्सबर्गला ४० लागतात. कागदावर छानच आहे. माझं मत असं की इकडून कोळसा आणि तेल भरपूर जाईल, पण जहाज परत येताना त्यात काय भरायचं हा प्रश्न सुटेपर्यंत त्याच्या भरवशावर करिअर ठरवू नका. मी स्वतः आता न्हावा शेवाला काम करते आणि मला घेतलं ते रशियन कागदपत्रं वाचता येतात म्हणून.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. कोऱ्युश्का नावाचा छोटा मासा मिळतो, हिवाळ्यात गोठलेल्या अमूर आखातावर भोक पाडून म्हातारे तासन्‌तास त्याच्यासाठी बसतात, ताज्याला चक्क काकडीचा वास येतो. काम्बाला म्हणजे आपली लेप, रवा लावून तळली की हॉस्टेलचा अख्खा मजला दारात. रवा, कोकम, मालवणी मसाला घरूनच न्या.

आणि विमानतळावरून गावात ट्रेनने जाणार असाल, गाड्या कमी आहेत तेव्हा वेळ आधी बघा, तर उजवीकडच्या खिडकीशी बसा. शेवटच्या टप्प्यात रूळ अगदी पाण्याला खेटून जातात.