किट बसवलं, गाडी चालू होईना: कुठून बघत यायचं

कोल्हापुरात बाईकचं इंजिन करायला लांब जावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक बोअर होतो, हेड सरफेस होतं, सीट कटिंग होतं. मोठा पिस्टन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कार्बोरेटर असं ताकद वाढवायचं किट कुरिअरनं घरपोच येतं. संध्याकाळपर्यंत इंजिन बांधून होतं आणि मग गाडी चालूच होत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तिथं हात लावू नका. चुकलेलं असतं टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि कॅमचा मेळ, आणि त्यात सेटिंगही हललं की एका दोषाचे दोन होतात. किक कशी लागते, सेल्फ कसा फिरतो, यावरून निम्मं निदान होतं. उरलेलं फिलर गेज, मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज सांगतं.

सगळ्यात आधी प्लग काढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) नटाला पाना लावून क्रँक हातानं सावकाश फिरवा. इंजिन चालताना ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, दोन पूर्ण फेऱ्या. मध्येच लोखंडाला लोखंड अडल्यासारखं टणक थांबलं तर जोर लावू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. उंच लिफ्टचा कॅम आणि डोम असलेला पिस्टन एकत्र आले की व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो, आणि सेल्फच्या एका झटक्यात व्हॉल्व्ह वाकतो. हेड उतरवा, पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती पातळ थापा, जुनी गॅस्केट घालून हेड कसा, टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरची बारीक फट) सेट करा, दोन फेऱ्या फिरवा आणि उघडून माती कापून मोजा. सर्वांत पातळ जागी इनटेककडे किमान १ मिमी आणि एक्झॉस्टकडे १.५ मिमी हवी. एक्झॉस्टला जास्त लागते, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो, आणि पिस्टन त्याच्या मागूनच वर येत असतो.

क्रँक मोकळा फिरला की टायमिंग बघा. चालू न होणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं इथंच सापडतं. होंडा घराण्याच्या इंजिनांत मॅग्नेटवर 'टी' आणि 'एफ' अशा दोन खुणा असतात. 'टी' म्हणजे पिस्टन टॉपला, 'एफ' म्हणजे आयडलला ठिणगी पडण्याची जागा. दोन्ही खुणा जवळजवळ असतात, आणि घाईत 'एफ' केसवरच्या खाचेसमोर आणून कॅमची चेन चढवली जाते. खुणेवर विसंबू नका. प्लगच्या भोकातून पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा स्ट्रॉ घालून पिस्टन खरंच टॉपला आहे का ते बघा. मग कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेशी जुळवा.

३२ दात्यांच्या स्प्रॉकेटवर एक दाता म्हणजे कॅमचे ११.२५ अंश, पण क्रँकचे २२.५ अंश. एवढ्या चुकीला गाडी कधी चालू होते पण दम धरत नाही, कधी कार्बोरेटरमधून खोकते, कधी हूं की चूं करत नाही. शिवाय चेनचा टेन्शनर सोडण्याआधी खूण जुळवली असेल, तर टेन्शनर ताणल्यावर स्प्रॉकेट किंचित सरकतं. म्हणून टेन्शनर बसवून, दोन फेऱ्या फिरवून, पुन्हा एकदा खूण बघायची. हेड किंवा ब्लॉक सरफेस केला असेल तर खूण थोडी मागे दिसणारच. अर्ध्या दात्याच्या आत असेल तर ती चूक नव्हे.

टॅपेट थंड इंजिनवरच सेट करा. स्टॉक १०० ते १५० सीसी गाड्यांना साधारण ०.०५ ते ०.१० मिमी लागतं, पण ग्राइंड करून आणलेल्या कॅमचा बेस सर्कल लहान झालेला असतो, त्यामुळे जुनं सेटिंग तसंच ठेवलं तर फट वाढून बसते. कॅम ज्यानं केला त्याच्याकडून आकडा घ्या. टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन तिथूनच पळतं आणि गाडी थंड असताना कसंबसं लागून तापली की बंद पडते.

आता कॉम्प्रेशन. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा, पाच-सहा किक सलग मारा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. स्टॉक १५० सीसी गाडीला १४० ते १७० पीएसआय दिसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असल्यानं मुंबईत घेतलेल्या आकड्यापेक्षा इथला आकडा पाचेक टक्के खालीच येणार, त्याचा धसका घेऊ नका. ९० च्या खाली असेल तर मात्र गाडी चालू होण्याची आशा सोडा आणि गळती शोधा. प्लगच्या भोकातून अर्धा छोटा चमचा इंजिन ऑइल घाला आणि परत मोजा. आकडा उसळला तर रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. नवीन रिंगांवर अक्षर असतं, ती बाजू वर हवी. ६२ मिमी बोअरला रिंगचा गॅप ०.२५ मिमीच्या आसपास ठेवा. रिंगांची तोंडं एकाखाली एक आली तर दाब सरळ खाली जातो. पिस्टनवर 'इन' लिहिलं असेल तर ते इनटेककडे, बाण असेल तर बहुधा एक्झॉस्टकडे.

उलट आकडा जास्त येत असेल तर कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा, हिशोब करून बघा. १४९ सीसी सिलिंडर आणि १७ सीसी चेंबर (पिस्टन टॉपला असताना वर उरणारी पोकळी) असेल तर रेशो (१४९ + १७) ÷ १७ म्हणजे ९.८. नुसतं बोअर वाढवून १७० सीसी केलं आणि चेंबर तेवढंच राहिलं, तरी रेशो ११ होतो. हेड सरफेस करून चेंबर १३.५ सीसीवर आणलं तर १४९ सीसीलाच १२ भरतो. चेंबर मोजायला सिरिंज, काचेचा तुकडा आणि थोडं ग्रीस पुरे. मोठ्या कॅममध्ये इनटेक उशिरा बंद होत असल्यानं किकला दाब कमी दाखवू शकतो, म्हणून रेशो गेजवरून ठरवू नका.

सेल्फ ढकलल्यासारखा फिरत असेल तर आधी बॅटरी. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ दाबल्यावर ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी चांगली असून सेल्फ अडखळत असेल तर इंजिन माउंट बघा: फ्रेमला पावडर कोटिंग करून आणलेलं असतं, त्यामुळे अर्थचा बोल्ट रंगावरच बसतो. तेवढी जागा घासून धातू उघडा केला की सेल्फ लगेच जोरानं फिरतो. रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनासारख्या गाड्यांत कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर, म्हणजे चालू करताना थोडा दाब सोडून देणारी यंत्रणा, असतो. तो नसलेला कॅम घातला तर स्टॉक सेल्फला ते ओझं झेपेलच असं नाही. तेव्हा दोष बॅटरीचा नसतो, कॅम निवडण्यातच असतो.

किक उलटी फिरून पाय झटकते, तेव्हा ठिणगी लवकर पडते आहे. कारणं तीनच. मॅग्नेटची चाकी, म्हणजे अर्धचंद्राकृती की, तुटून मॅग्नेट सरकलेला. ॲडव्हान्स कर्व्हचा, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारा, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा बॉक्स). किंवा लेथवर कापून हलका केलेला मॅग्नेट, ज्याला टॉप ओलांडायला वजनच उरलेलं नसतं. चाकी काढून बघायला दहा मिनिटं लागतात, आणि पाय मोडण्यापेक्षा ती दहा मिनिटं स्वस्त. ती ठीक असेल तर स्टॉक सीडीआय लावून किक मारा.

करंट बघताना एक फसगत होते. प्लग हेडला टेकवून निळी ठिणगी दिसली की सगळे निर्धास्त होतात. पण बाहेर हवेचा दाब एक बार असतो. १२ रेशोच्या सिलिंडरमध्ये तीच ठिणगी दबलेल्या हवेतून उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून ६ ते ७ मिमी गॅप ठेवलेला स्पार्क टेस्टर वापरा. त्यात ठिणगी टिकली तरच ती भरवशाची. प्लगचा गॅप ०.६ मिमीवर आणा. एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग पुरेसा होतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, तेव्हा सातचा आठ चालेल, सातचा नऊ केला तर तो कार्बनने काळा पडून दर दुसऱ्या दिवशी गाडी अडवेल. रेसिंग सीडीआय घेताना गाडी एसी सीडीआयची (मॅग्नेटच्या करंटवर चालणारी) आहे की डीसीची (बॅटरीवर चालणारी) हे बघितलंच पाहिजे, कनेक्टर बसला म्हणजे जुळला असं नाही. पिकअप कॉइल आणि मॅग्नेटच्या उंचवट्यात ०.५ ते ०.८ मिमी अंतर हवं. आणि किल्ली चालू असताना प्लग कॅप मोकळी ठेवून किक मारू नका, सीडीआय जळतो.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच कार्बोरेटर. २८ मिमीचा पीडब्ल्यूके (कीहिनच्या कार्बोरेटरचा एक प्रकार) १५० सीसी इंजिनावर लावला की किकच्या वेगाला त्याच्या घशातून हवा मंद जाते, पेट्रोल ओढलंच जात नाही. त्याचा चोक हा प्लंजर असतो, हवा अडवणारी पट्टी नसते. इंजिनच्या ओढीवर तो जादा पेट्रोल सोडतो आणि थ्रॉटल जरा जरी उघडला तरी ती ओढ मरते. म्हणून चोक वर ओढा आणि थ्रॉटलला बोटही लावू नका. जुन्या सवयीनं थ्रॉटल पिळत किक मारणाऱ्याची गाडी अख्खी सकाळ अंगणातच राहते.

पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं भोक) ३८ ते ४५, मेन (थ्रॉटल जास्त उघडल्यावरचं) १०५ ते १२० इथून सुरुवात करा. चोक ओढून चालू होते आणि चोक सोडताच मरते, तर पायलट एक नंबर मोठा लागतो. पीडब्ल्यूकेला स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो एअर स्क्रू: बाहेर काढला की मिक्सर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पातळ होतं. इंजिनच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये नेमकं उलटं. दीड फेरीवर ठेवून पुढे ठरवा. स्वस्तातल्या नकली पीडब्ल्यूकेत जेटवरचा आकडा आणि आतलं भोक यांचा मेळ नसतो; तिथं जेट बदलून डोकं शिणवण्यापेक्षा खऱ्या कंपनीचे जेट आणा. हल्लीच्या ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं त्याच जेटवर मिक्सर पातळ होतं, आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी ओढलं जातं. ते टाकी तळातून रिकामी करून बघा. व्हॅक्यूम कॉक (इंजिनच्या ओढीवर उघडणारा पेट्रोल कॉक) असेल तर नवीन मॅनिफोल्डला त्याची नळी जोडली आहे का तेही बघा. नसेल तर पेट्रोल येणारच नाही.

पेट्रोल ओव्हर झालं असेल, म्हणजे प्लग ओला निघाला, तर किल्ली बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लग काढलेला ठेवून आठ-दहा किक मारा. मग कोरडा प्लग लावून, किल्ली चालू करून, थ्रॉटल बंद ठेवून मारा.

एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीत मोठा इंजेक्टर घातला आणि ईसीयूमधला (गाडीच्या कॉम्प्युटरमधला) मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, तोच ठेवला, तर थंड इंजिनमध्ये पेट्रोल जास्त पडून प्लग भिजतो. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयू त्याचं ऐकत नाही, त्यामुळे तो ही चूक सावरत नाही. मॅप बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लच आणि साइड स्टँडचे स्विच इंजिन उतरवताना सुटलेले असतात, तेही तपासा.

गाडी लागली की आयडलवर उभी ठेवू नका. दहा मिनिटं २,५०० ते ३,५०० आरपीएममध्ये वरखाली करत चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे नट टॉर्क रेंचनं फुलीच्या क्रमानं पुन्हा तपासा आणि टॅपेट परत बघा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर ऑइल बदला. नव्या रिंगांचा चुरा त्यातच उतरलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावर चालत नाही, म्हणून सीसी वाढवलेली गाडी परवानगीशिवाय ट्रॅकपुरतीच ठेवा. ट्रॅकवर सपाटीला सेटिंग नीट जमलं की चढाच्या भागात तिसऱ्या गिअरला थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ओढून बघा, तिथंच इंजिन बंद करून प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग आला तर जेट तसाच ठेवा; पांढरा दिसला तर मेन पाच नंबरनं वाढवा.