हाताने शिवलेली गोधडी रोज वापरूनही कशी टिकवावी

गोधडी टिकवायची असेल तर ती कपाटात ठेवावी, हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. ती पांघरण्यासाठीच शिवलेली असते. रोजच्या वापरात ती प्रथम डोक्याकडच्या काठाला विरते, कारण ओढून घेताना हात तिथेच पडतो. म्हणून डोक्याकडची आणि पायाकडची बाजू अधूनमधून बदलावी व घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडावी.

रंग कच्चा नाही ना, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून पाहावे. मग थंड पाणी आणि सौम्य साबण पुरे.

खरी परीक्षा पुढे, भिजलेली गोधडी टबातून बाहेर काढताना असते. माझी पहिली गोधडी मी दोन कोपरे धरून उचलली आणि मधल्या दोन ओळींचे टाके तटातट तुटलेले ऐकले. पाण्याने सूत कुजले असेल, असे मला तेव्हा वाटले. वास्तविक सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा थोडा अधिकच ताण सोसतो; घात करते ते पाण्याचे वजन, कारण ते सगळे मोजक्या टाक्यांवर लोंबते. म्हणून आधी टबातले पाणी सोडून द्यावे, गोधडी तिथेच तळव्यांनी दाबून निथळू द्यावी आणि मग खाली जुनी चादर सरकवून, झोळी करून, दोघांनी उचलावी.

पिळण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पिळताना वरचे कापड एकीकडे आणि अस्तर दुसरीकडे सरकते, आणि त्या ओढाताणीत मधला धावदोरा तुटतो. त्याऐवजी कोरड्या टॉवेलसह गुंडाळी करून ती गुडघ्याने दाबावी. एकाच दोरीवर टाकणे म्हणजे पुन्हा सारा भार एका रेघेवर घेणे. खाटेवर किंवा शेजारशेजारच्या तीन-चार दोऱ्यांवर पसरून, सावलीत वाळवावी.

वाळल्यावर तुटलेला दोरा ओढू नये. तुटीच्या चार टाके अलीकडून नवा दोरा सुरू करून चार टाके पलीकडे न्यावा. ठिगळ लावायचे झाल्यास ते अनेकदा धुतलेल्या मऊ कापडाचेच लावावे, कारण कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारचे जुने कापड चिरत जाते.