नाल्याचं पाणी रानात घेतलंय? मृगाआधी चर उकरा

रोहिण्या चालू आहेत आणि मृग दाराशी आलाय. छत्रपती संभाजीनगरखाली खाम नदीच्या काठाला, जालन्यात कुंडलिकेच्या कडेला, परभणी-नांदेडकडच्या नाल्यांवर ज्यांनी उन्हाळाभर मोटार टाकून शुद्ध केलेलं सांडपाणी उसाला, मक्याला, घासाला दिलं, त्यांनी बी-खताची धावपळ दोन दिवस बाजूला ठेवावी आणि आधी शेताबाहेर पाणी काढणारा चर मोकळा करावा.

शुद्धीकरण केंद्रात घाण निघते, वास बराच कमी होतो. मीठ मात्र निघत नाही. घराघरातला साबण, कपड्याची पावडर, स्वयंपाकाचं मीठ, बोअरच्या पाण्यातले क्षार, सगळं विरघळलेलं असतं आणि तसंच पुढे येतं. पाण्याची क्षारता (ईसी) १.५ डेसिसायमन प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये साधारण एक ग्रॅम क्षार असतात. ६ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी २ लाख ४० हजार लिटर पाणी. म्हणजे प्रत्येक पाळीला एकरात सव्वादोन क्विंटलांवर क्षार पडतात. दहा पाळ्या दिल्या असतील तर हिशोब तुम्हीच करा. निचरा नसेल तर ते जाणार कुठे?

उन्हाळ्यात हे कळत नाही, उलट पीक हिरवंगार दिसतं. घात होतो पावसात. पावसाचं पाणी गोडं असतं. ते सुटे क्षार धुऊन नेतं, पण मिठातला मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम तिथंच राहतो. मग काळी चिकण माती विस्कटते, बारीक कण भोकं बुजवतात आणि वर सिमेंटसारखा पापुद्रा धरतो. एका वावरात सोयाबीन पेरून सातवा दिवस होता आणि वर काहीच दिसत नव्हतं. नखानं पापुद्रा उचलला तर खपलीसारखा निघाला. खाली मोड वाकडा होऊन पिवळा पडलेला. त्या रानाला चर होता, पण दोन तासं जास्त मिळावीत म्हणून तो नांगरून बुजवला होता. अशी रानं मी एक-दोन नाही, कितीतरी पाहिलीत. दर वेळी बियाण्याला दोष दिला जातो आणि चराकडे कुणी बघत नाही.

चर उताराच्या कडेनं घ्या. माझ्या अंदाजानं काळ्या रानात अडीच फुटांपेक्षा उथळ चराचा उपयोग होत नाही. तळ एका बाजूला उतरता ठेवा आणि तोंड नाल्यापर्यंत न्या. शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडणार असाल तर आजच जाऊन बोला. जुलैत पाणी तुंबल्यावर बोलणं होत नाही, भांडणं होतात.

रानाची तब्येत घरीच कळते. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पावसाच्या किंवा बॅटरीत घालायला विकत मिळणाऱ्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. विहिरीचं पाणी चालत नाही. दहा मिनिटांत ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग आला तर सोडियम चढलाय असं समजा. नुसतं फुटून खाली बसलं तर अजून वेळ आहे. नांगराच्या फाळाला माती साबणाच्या वडीसारखी चकाकत कापली जात असेल तरी मी तेच समजतो.

ढग आला तर माती आणि पाणी दोन्ही तपासायला द्या. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. विनिमययोग्य सोडियमची (म्हणजे कणाला चिकटलेल्या सोडियमची) टक्केवारी आणि तो सोडियम सुटा करणाऱ्या जिप्समची गरज या दोन गोष्टी मागून घ्या. पुस्तकात हा सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला की रानाला चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेलं, म्हणतात. आपल्या काळ्या रानाचा निचरा त्याच्या कितीतरी आधीच बसतो, म्हणून १५ ची वाट पाहू नका. अहवालात आलेल्या जिप्समच्या गरजेपैकी निम्मं यंदा शेणखताबरोबर पसरा, वरच्या वीतभर थरात मिसळा आणि पावसाचं पाणी मुरू द्या. रान चुनखडीचं असेल तर गंधकही चालतं. एक टन जिप्समच्या जागी साधारण १९० किलो लागतं, पण गुण यायला वेळ जातो. आणि चर नसताना जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, कारण सुटलेला सोडियम बाहेर जायलाच वाट नसते.

दुकानात कॅन पुढे करतील. ‘लिटरभर सोडा, क्षार खेचून घेतो’, असं सांगतील. एकरात क्विंटलांनी पडलेलं मीठ लिटरभर औषध कुठे खेचून नेणार? कॅनचे पैसे जेसीबीला घाला, चर त्यातून काढा.

बाकीची कामं:
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको.
- सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर.
- हरभरा, मूग, कांदा, मोसंबीला हे पाणी नको. कपाशी, ज्वारी, गहू तग धरतात.
- मेथी, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खायच्या मालाला अजिबात नको.
- पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल तर दर पाळीला एकरी ५ किलो नत्र मिळतं. तेवढा युरिया कमी करा, नाहीतर कपाशी माजते आणि तुडतुडे येतात.
- पडीक तुकड्यात धैंचा (हिरवळीचं खत) पेरा, ४०-४५ दिवसांनी गाडा.
- विहीर असेल तर एक पाळी नाल्याची, एक विहिरीची.
- पाणी देताना गमबूट घाला, नंतर साबणानं हातपाय धुवा.

पहिला दणक्याचा पाऊस उघडला की लगेच चराच्या तोंडाशी जा. पाणी वाहतंय का, कुठे गाळानं अडलंय का ते बघा. जिथं अडलं असेल तिथं तेव्हाच फावडं घाला, सकाळवर ढकलू नका.